डेबियन १२: लॉगिन स्क्रीन येत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो, जुना कर्नल निवडूनही तेच

गवतीचहा लिहितात:

मशीन: रायझन ५ ५६००, एनव्हिडिया जीटीएक्स १६५०, १६ जीबी रॅम. डेबियन १२ (बुकवर्म), ग्नोम, लॉगिनसाठी जीडीएम३. एनव्हिडियाचा ड्रायव्हर डेबियनच्याच नॉन-फ्री विभागातला, ५३५ मालिकेतला. विंडोज नाही, एकच डिस्क.

एपीटी अपग्रेड केलं, त्यात कर्नल ६.१.०-२३ वरून ६.१.०-२५ वर गेला. त्यानंतर मशीन बंद केलं आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, कारण घड्याळ सारखं मागे पडत होतं. पुन्हा चालू केल्यावर ग्रब (कर्नल निवडायचा बूट मेनू) नीट येतो, कर्नलच्या ओळी सरकतात आणि मग काळ्या स्क्रीनवर डावीकडे वरच्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहतो. लॉगिन स्क्रीन नाही.

कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबलं की टर्मिनल मिळतं आणि लॉगिनही होतं. सिस्टिमसीटीएल स्टेटस जीडीएम दिलं तर हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह (रनिंग)' दिसतं. म्हणजे जीडीएम चालू आहे, तरी पडद्यावर काही नाही. जर्नलमध्ये शेवटी 'नो स्क्रीन्स फाउंड' अशी ओळ आहे. मॉनिटरची केबल बदलून पाहिली, फरक नाही. ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना ६.१.०-२३ निवडला, तरी अगदी तसंच होतं. आधी याच कर्नलवर सगळं सुरळीत चालत होतं, त्यामुळे अपग्रेडला दोष द्यावा की नाही तेच कळेना. फॉरमॅट टाळायचं आहे.

पायरी७ लिहितात:

टर्मिनल मिळतंय म्हणजे फॉरमॅटचा विचार डोक्यातून काढून टाका.

'नो स्क्रीन्स फाउंड' ही ओळ मॉनिटरबद्दल नाही, म्हणून केबल बदलून फरक पडणार नव्हता. एक्स सर्व्हरला (पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला) चित्र काढायला एकही ग्राफिक्स डिव्हाइस मिळालं नाही, एवढाच तिचा अर्थ. आजाराचं नाव तिच्या आधीच्या ओळींत असतं. आणि जीडीएमच्या हिरव्या अक्षरांवर जाऊ नका. जीडीएम स्वतः जिवंत राहतो, एक्स सुरू करतो, एक्स मरतो, पुन्हा सुरू करतो, आणि काही वेळा आपटल्यावर 'मॅक्सिमम नंबर ऑफ एक्स डिस्प्ले फेल्युअर्स रीच्ड' लिहून गप्प बसतो. सर्व्हिस म्हणून तो 'रनिंग'च दिसतो.

साखळी अशी असते: कर्नलचं मॉड्यूल लोड होतं, त्यातून कार्ड उघडतं, त्यावर एक्स किंवा वेलँड उभा राहतो, त्यावर जीडीएम, आणि लॉगिननंतर ग्नोमचं सेशन. तपासणी खालून वर करायची. बहुतेक लोक वरून सुरू करतात आणि जीडीएम पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

खालच्या कमांडचा निकाल द्या. इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन.

युनेम -आर
एलएसपीसीआय -एनएनके | ग्रेप -ए३ व्हीजीए (इथे -ए आणि व्हीजीए मोठ्या अक्षरांत)
डीकेएमएस स्टेटस
सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया
मोकयुटिल --एसबी-स्टेट
डीएफ -एच
एलएस /ईटीसी/एक्स११ (एक्स मोठा)

पहिल्या चार कमांड दोन्ही कर्नलवर स्वतंत्रपणे चालवा. जुना कर्नलही पडतोय, हीच तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

रूट_नाही_सुडो लिहितात:

एवढं कशाला? एनव्हिडियाच्या साइटवरून .रन फाइल उतरवा, टर्मिनलवरून चालवा, ड्रायव्हर नव्याने बसेल. तोवर ग्रबमध्ये 'ई' दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा आणि कंट्रोल+एक्सने बूट करा. स्क्रीन येईल.

पायरी७ लिहितात:

.रन फाइलला माझा ठाम विरोध. डेबियनचा ड्रायव्हर पॅकेजमधून बसलेला असताना वरून .रन चालवली की दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या लायब्ररी एकमेकांवर चढतात आणि एपीटीला त्याचा पत्ताच नसतो. पुढच्या अपग्रेडला जो घोळ होतो तो निस्तरायला आजच्यापेक्षा जास्त वेळ जातो. चुकून चालवली गेलीच तर सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉलने आधी ती काढायची आणि मगच पॅकेजला हात लावायचा.

नोमोडसेटबद्दल: ते इंटेल, एएमडी आणि नूव्हो (एनव्हिडिया कार्डांसाठीचा) या खुल्या ड्रायव्हरना रिझोल्यूशनचा ताबा घेऊ देत नाही. मशीनमध्ये आत शिरण्यापुरतं ठीक. इथे आत शिरायला टर्मिनल आधीच मिळतंय. शिवाय पुष्कळ जण ते /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये कायमचं लिहून विसरतात. एएमडीच्या कार्डावर नोमोडसेट असेल तर एएमडीजीपीयू ड्रायव्हर मुळी लोडच होत नाही, आणि मग 'लिनक्सवर ग्राफिक्स संथ चालतं' असे नवे धागे निघतात.

टर्मिनलसुद्धा मिळत नसेल त्यांनी त्याच लिनक्सच्या ओळीच्या शेवटी सिस्टिमडी.युनिट=मल्टी-युजर.टार्गेट लिहावं. ग्राफिक्सला हात न लावता मशीन थेट मजकुराच्या लॉगिनवर येतं, आणि हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

गवतीचहा लिहितात:

निकाल हातानं उतरवून देतोय.

६.१.०-२५ वर: एलएसपीसीआयमध्ये जीटीएक्स १६५० दिसतं, पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही. 'कर्नल मॉड्यूल्स'समोर फक्त नूव्हो. डीकेएमएस स्टेटसमध्ये एकच ओळ: एनव्हिडिया-करंट/५३५.१८३.०१, ६.१.०-२३-एएमडी६४, इन्स्टॉल्ड. मॉडप्रोब म्हणतं, एनव्हिडिया-करंट मॉड्यूल /लिब/मॉड्यूल्स/६.१.०-२५-एएमडी६४ मध्ये सापडलं नाही.

६.१.०-२३ वर: 'कर्नल मॉड्यूल्स'समोर नूव्होबरोबर एनव्हिडियाही आहे, पण 'इन यूज' इथेही नाही. मॉडप्रोबचा संदेश वेगळाच: 'कुड नॉट इन्सर्ट एनव्हिडिया_करंट: की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

मोकयुटिल म्हणतं 'सिक्युअरबूट एनेबल्ड'. डिस्क ४१ टक्के भरलेली. /ईटीसी/एक्स११ मध्ये एक्सऑर्ग.कॉन्फ नावाची फाइल आहे, ती एनव्हिडिया-एक्सकॉन्फिगने कधीतरी केलेली दिसते.

पायरी७ लिहितात:

दोन वेगळे बिघाड आहेत, आणि दोन्ही एकाच बंद-चालूच्या मधे घुसले. म्हणून जुना कर्नल निवडून काही सिद्ध होईना.

नव्या कर्नलवर मॉड्यूल तयारच झालेलं नाही. जुन्या कर्नलवर ते तयार आहे, पण कर्नल त्याला आत घेत नाही.

पहिल्याचं कारण हेडर्स, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी एनव्हिडियाचं मॉड्यूल मशीनवरच कंपाइल करतं, आणि त्यासाठी त्याच आवृत्तीचे हेडर्स लागतात. ड्रायव्हर बसवताना ट्युटोरियलमध्ये हमखास दिलेली कमांड असते: एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(युनेम -आर). ती त्या क्षणी चालू असलेल्या कर्नलचेच हेडर्स आणते, तुमच्या बाबतीत -२३ चे. पुढे कर्नल -२५ झाला तेव्हा त्याचे हेडर्स आणायला कुणी सांगितलंच नव्हतं. डीकेएमएसला ते मिळाले नाहीत म्हणून त्यानं ते कर्नल वगळलं. अशा वेळी अपग्रेड थांबत नाही. 'हेडर्स नाहीत म्हणून वगळलं' अशी एखादी ओळ येते आणि शेदोनशे ओळींच्या गर्दीत निघून जाते.

दुसऱ्याचं कारण सेल. सेल काढला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, आणि पुष्कळ बोर्डांवर मूळपदाला सिक्युअर बूट चालू असतं. तुमच्याकडे ते आधी बंद असणार. ते चालू असलं की डेबियनचा कर्नल फक्त ओळखीच्या चावीनं सही केलेली मॉड्यूल घेतो. डेबियन १२ मधलं डीकेएमएस स्वतःची चावी बनवून सही करतं, पण ती चावी फर्मवेअरकडे नोंदवलेली नसली तर सही असून नसल्यासारखी. 'की वॉज रिजेक्टेड'चा अर्थ हाच.

आता नूव्हो का आला नाही? एनव्हिडियाचं पॅकेज त्याला काळ्या यादीत टाकतं. त्यामुळे एनव्हिडिया पडला की जागा रिकामीच राहते. त्यात एक्सऑर्ग.कॉन्फमध्ये ड्रायव्हर म्हणून 'एनव्हिडिया' ठाम लिहिलेला असेल तर एक्स दुसरं काही करूनही पाहत नाही. तुमच्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसल्यानं बोर्डावरच्या एचडीएमआयचाही उपयोग नाही.

करायचं ते या क्रमानं. नव्या कर्नलवर बूट करून टर्मिनलवर या.

आधी तारीख बघा: डेट. सेल बदलल्यावर घड्याळ मागे गेलेलं असेल तर एपीटी 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' म्हणून अडून बसेल, आणि तुम्ही भलतीकडेच शोधत राहाल. इंटरनेट मिळालं की वेळ बहुधा आपोआप सुधारते. वायफाय नसेल तर फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा, नेटवर्कमॅनेजर तो वायर्ड कनेक्शनसारखा लगेच उचलतो. वायफायच हवं असेल तर: एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय कनेक्ट, पुढे नेटवर्कचं नाव, मग पासवर्ड हा शब्द आणि पासवर्ड.

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४

शेवटी आवृत्तीचा आकडा नाही हे लक्षात घ्या. हे मेटापॅकेज आहे, पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर त्याचे हेडर्स ओढून आणतं. इन्स्टॉल होतानाच डीकेएमएस जागं होऊन मॉड्यूल बांधू लागेल. नाही झालं तर:

सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

यात काही मिनिटं जातील. मग डीकेएमएस स्टेटसमध्ये -२५ चीही ओळ 'इन्स्टॉल्ड' अशी दिसायला हवी. 'ॲडेड' एवढंच दिसलं तर बांधणी झालेली नाही. /व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया-करंट/ खालच्या आवृत्तीच्या फोल्डरात बिल्ड/मेक.लॉग आहे, त्यातली पहिली 'एरर' ओळ इथे द्या. शेवटची नको, पहिली.

हे झाल्यावर सिक्युअर बूटचं बघू. लगेच रीबूट केलंत तर स्क्रीन येणार नाही, घाबरू नका.

रूट_नाही_सुडो लिहितात:

सिक्युअर बूट बायोसमध्ये जाऊन बंद केलं की दोन मिनिटांत काम संपतं. आधीही बंदच होतं ना? घरच्या डेस्कटॉपला चाव्यांचा खटाटोप कशाला?

मध्यरात्र_टीटीवाय लिहितात:

या मशीनपुरतं चालेल, मान्य. पण हा धागा वाचणारे पुढे ड्युअल बूटवालेही असतील. विंडोजवर बिटलॉकर चालू असेल आणि सिक्युअर बूटची स्थिती बदलली, तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती की हाताशी नसेल तर लिनक्सची स्क्रीन आणण्याच्या नादात विंडोजचा डेटा अडकतो. शिवाय इथेच पाहा: सेल बदलल्यावर सेटिंग परत फिरली. चावी नोंदवलेली असती तर सिक्युअर बूट चालू झाल्याचं कळलंही नसतं. मी चावी नोंदवण्याच्या बाजूनं. एकदाच करायचं काम आहे.

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब

हे पासवर्ड दोनदा विचारेल. हा लॉगिनचा पासवर्ड नाही, फक्त पुढच्या बूटला एकदा लागतो. छोटी रोमन अक्षरं आणि आकडे एवढ्यातच ठेवा, कारण पुढच्या निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो आणि चिन्हं इकडची तिकडे होतात.

मग रीबूट. ग्रबच्या आधी निळ्या पडद्यावर 'प्रेस एनी की टू परफॉर्म मोक मॅनेजमेंट' येईल (मोक म्हणजे मशीनच्या मालकानं नोंदवलेली चावी). सेकंद मोजत १० पासून खाली येतात. तेवढ्यात कुठलंही बटण दाबा. यूएसबी हबवरचा कीबोर्ड इथे कधीकधी उशिरा जागा होतो, म्हणून तो थेट मागच्या पोर्टला लावा. पुढे क्रम: एनरोल मोक, कंटिन्यू, यस, मघाचा पासवर्ड, रीबूट. तो पडदा हातातून निसटला तर मशीन नेहमीसारखं पुढे जातं; इम्पोर्टची कमांड परत द्यायची आणि पुन्हा रीबूट करायचं.

आत आल्यावर:

मोकयुटिल --टेस्ट-की /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब

'इज ऑलरेडी एनरोल्ड' आलं म्हणजे नोंद झाली. मॉड्यूलवर सही कुणाची हे बघायचं असेल तर: मॉडइन्फो -एफ साइनर एनव्हिडिया-करंट (एफ मोठा). उत्तरात डीकेएमएसच्या चावीचं नाव येतं.

उबंटूवाल्यांसाठी: तिथे चावीची जागा वेगळी आहे, /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/ या फोल्डरात मोक.डेर (मोक दोन्हीकडे तपासून टाइप करा: फोल्डर छोट्या अक्षरांत, फाइलचं मोक मोठ्या). निळ्या पडद्याची तऱ्हा तीच.

पायरी७ लिहितात:

एक्सऑर्ग.कॉन्फ पुसू नका, बाजूला सरकवा:

सुडो एमव्ही /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.जुनी

एक कार्ड, एक मॉनिटर अशा मशीनला आज ती फाइल लागत नाही, एक्स स्वतः ओळखतो. तुम्ही त्यात रिफ्रेश रेट किंवा दोन मॉनिटरची मांडणी हातानं लिहिली असेल तर तेवढ्याच ओळी नंतर /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी/ मध्ये वेगळ्या फाइलमध्ये घाला.

पावभाजी_६४बिट लिहितात:

माझ्याकडेही लुकलुकता कर्सरच, पण इंटेलचं ग्राफिक्स, एनव्हिडिया नाहीच. हेच सगळं करू?

पायरी७ लिहितात:

नाही. इंटेलला डीकेएमएस, हेडर्स, चावी यातलं काही लागत नाही, ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो. तुम्ही डीएफ -एचपासून सुरुवात करा. रूट विभाजन १०० टक्के भरलं की जीडीएमला तात्पुरत्या फाइली लिहिता येत नाहीत आणि लक्षण हुबेहूब हेच दिसतं. डीएफ -आयसुद्धा बघा, कधी जागा शिल्लक असते पण आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असतात. जागा करायला सुडो एपीटी क्लीन, आणि जर्नल फुगलं असेल तर सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम (एम मोठा). /बूट वेगळं विभाजन असेल आणि ते भरलं असेल तर नव्या कर्नलचं इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) अर्धवट राहतं. सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज देऊन जुने कर्नल काढा आणि मग सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू.

जागा भरपूर असेल तर सिस्टिमसीटीएल गेट-डीफॉल्ट बघा. उत्तर ग्राफिकल.टार्गेट हवं. मल्टी-युजर.टार्गेट असेल तर मशीन मुद्दामच मजकुरावर थांबतंय: सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डीफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट. दोन डेस्कटॉप बसवलेत आणि एक काढलात असं असेल तर सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर द्या. ते नाव काढून टाकलेल्या लॉगिन मॅनेजरकडे बोट दाखवत राहिलेलं असू शकतं. सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३ दिलं की निवड पुन्हा विचारतो.

मध्यरात्र_टीटीवाय लिहितात:

यात एक भर. लॉगिन स्क्रीन येते, पासवर्ड बरोबर आहे, क्षणभर काळं होतं आणि पुन्हा लॉगिनच समोर, असं असेल तर ग्राफिक्स ठीक आहे. बिघाड बहुधा वापरकर्त्याच्या होम फोल्डरात आहे. टर्मिनलवर एलएस -एल ~/.एक्सऑथॉरिटी बघा (फक्त एक्स मोठा). मालक रूट दिसला तर कुणीतरी सुडो स्टार्टएक्स चालवलेलं असतं. सुडो चाऊन $यूझर: ~/.एक्सऑथॉरिटी (यूझर मोठ्या अक्षरांत). दुसरा नेहमीचा संशयित /टीएमपी: एलएस -एलडी /टीएमपीमध्ये परवानग्यांच्या शेवटी 'टी' नसेल तर सुडो चमॉड १७७७ /टीएमपी.

गवतीचहा लिहितात:

हेडर्स आले, बांधणी झाली, डीकेएमएस स्टेटसमध्ये -२३ आणि -२५ दोन्ही 'इन्स्टॉल्ड'. तारीख खरंच मागे होती, फोनचं टेदरिंग लावल्यावर सुधारली. चावी नोंदवली. पहिल्यांदा निळा पडदा निसटला, कीबोर्ड मागच्या पोर्टला लावल्यावर जमलं. एक्सऑर्ग.कॉन्फ बाजूला केली. लॉगिन स्क्रीन आली. एनव्हिडिया-एसएमआयमध्ये कार्ड आणि ५३५.१८३.०१ दिसतं. जुन्या कर्नलवरही चालतंय.

एक शंका: हेडर्स असूनही बांधणी फसली असं होऊ शकतं का? पुढच्या अपग्रेडला आधीच कळेल असं काही?

पायरी७ लिहितात:

होऊ शकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेबियन १२.५ आलं तेव्हा ६.१.०-१८ कर्नलवर असंच झालं. हेडर्स जागेवर होते, पण कर्नलमधलं एक फंक्शन फक्त जीपीएल (खुल्या परवान्याच्या) मॉड्यूलसाठी राखीव ठरलं आणि तेव्हाचा ५२५ मालिकेतला ड्रायव्हर त्यावर अडला. मेक.लॉगमध्ये '__आरसीयू_रीड_लॉक'चं नाव येत होतं. ड्रायव्हरचं दुरुस्त पॅकेज येईपर्यंत आधीच्या कर्नलवर थांबणं हाच सरळ उपाय होता. म्हणून निदान एक जुना, चालणारा कर्नल ठेवावा; ऑटोरिमूव्ह देताना काय काय जातंय ती यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका.

कर्नल बदलणारं अपग्रेड झालं की रीबूटच्या आधी, ग्नोम चालू असतानाच, डीकेएमएस स्टेटस बघायचं. नव्या कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर रीबूट पुढे ढकला आणि मेक.लॉग उघडा. तेव्हा ब्राउझरही हाताशी असतो. आणि ज्या अपग्रेडमध्ये कर्नल आला त्याच वेळी बोर्डाला हात लावू नका. आधी एक रीबूट होऊ द्या.